मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मराठी विकिपीडियावर लेख लिहावेत का, आणि लिहिले तर गुण कशाचे द्यावेत?

रावपुरा_शिक्षिका

नमस्कार. मी बडोद्यातील एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. अध्यापन इंग्रजीतून होते. वर्गात मात्र गुजराती, मराठी, हिंदी आणि सिंधी घरांतली मुले असतात, आणि शंका विचारण्याची वेळ आली की प्रत्येक जण हळूच आपल्या भाषेवर येतो. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला अध्ययन आणि स्मृती या प्रकरणांसाठी मी वीस गुणांचा नेहमीचा स्वाध्याय दिला नाही. त्याऐवजी विकिपीडियावर एखादा लेख लिहावा किंवा असलेला वाढवावा, असे काम दिले आणि ज्याने त्याने आपल्या घरची भाषा निवडावी, अशी मोकळीक ठेवली. मराठीकडे आठ जण आले. हा धागा त्या आठ जणांच्या निमित्ताने काढत आहे.

कल्पना माझी नव्हे. असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्स या अमेरिकेतील संस्थेने २०११ मध्ये, महझरीन बानाजी अध्यक्ष असताना, विकिपीडियावरील मानसशास्त्राचे लेख तुम्ही स्वतः आणि तुमच्या विद्यार्थ्यांकडून सुधारून घ्या, असे आवाहन आपल्या सभासदांना केले होते. बानाजी मूळच्या सिकंदराबादच्या, हे सांगितल्यावर वर्ग थोडा सावरून बसला, हे कबूल करायला हवे.

हे काम मला का भावले, ते एका उदाहरणाने सांगते. एका मुलीने 'ऋण प्रबलन' (negative reinforcement) या विषयावर पहिल्या मसुद्यात लिहिले, 'ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा.' ही चूक जगभरातले विद्यार्थी करतात. इंग्रजी स्वाध्यायात ती तशीच झाकली गेली असती, कारण तो वाचणारी मी एकटीच, आणि मला विषय आधीच माहीत असल्यामुळे मुले अर्धे वाक्य लिहून उरलेले माझ्यावर सोपवतात. मराठीत मात्र तिला अनोळखी वाचकासाठी उदाहरण द्यावे लागले. तिने मोटारीचे उदाहरण घेतले: पट्टा लावला नाही तर गाडीत टिंगटिंग वाजत राहते, पट्टा लावला की ते थांबते आणि म्हणून पुढच्या वेळी आपण पट्टा आधीच लावतो. लिहिता लिहिता तिचीच मान वर झाली. इथे तर पट्टा लावण्याचे वर्तन वाढते आहे, मग ही शिक्षा कशी? ऋण म्हणजे वाईट नव्हे, ऋण म्हणजे वजा. नकोशी गोष्ट वजा झाल्यामुळे वर्तन वाढले, हे तिला माझ्या तीन व्याख्यानांत कळले नव्हते.

आता दुसरी बाजू. आठांपैकी तिघांचा मजकूर प्रताधिकार भंगाच्या कारणाने काढला गेला, कारण त्यांनी क्रमिक पुस्तकातले परिच्छेद जवळजवळ जसेच्या तसे टंकले होते. दोघांनी मुदतीच्या आदल्या रात्री सगळा लेख एकदम टाकला. एकाच्या लेखावर 'संदर्भ हवा' असे इतके साचे (संपादकांनी लावायच्या सूचनापाट्या) लागले की मजकुरापेक्षा तेच जास्त दिसत होते, आणि तो मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला की बाई, माझे गुण जाणार का? मला उत्तर देता आले नाही. लेख टिकला म्हणून गुण द्यायचे, तर ते माझ्याऐवजी अनोळखी संपादकांनी दिल्यासारखे होतात; आणि लेख उडाला तरी गुण द्यायचे, तर मग स्वाध्याय काय वाईट होता? पुढच्या सत्रात हे काम ठेवावे की नाही, आणि ठेवायचे तर कसे, याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

---

धूळपाटी

मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षे लिहितो, आणि 'अलीकडील बदल' हे पान रोज सकाळी चहाबरोबर उघडतो. त्यामुळे दुसऱ्या बाजूने काय दिसते, ते सांगण्याचा अधिकार मला थोडाफार आहे, असे समजतो.

मार्च महिना आला की आम्हाला महाविद्यालयांचे वेळापत्रक कळते. एकाच संध्याकाळी वीस नवी खाती उघडतात, वीस नवे लेख येतात, प्रत्येकाची सुरुवात 'प्रस्तावना' या मथळ्याने आणि शेवट 'उपसंहार' या मथळ्याने होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांपैकी एकही सदस्य पुन्हा दिसत नाही. चर्चापानावर आपण प्रेमाने काही विचारावे, तर उत्तर द्यायला कोणी नसते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, त्यावर नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत, परंतु रोज नियमाने झाडलोट करणारे हात फार थोडे आहेत. शिक्षिकेला वीस गुणांचे काम तपासायला पगार मिळतो. तेच काम आम्ही फुकट तपासतो, हे रागाने लिहीत नाही. पण योजना आखताना ते धरलेले नसते, एवढे खरे.

याचा इतिहास आहे. २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत विकिमीडिया फाउंडेशनच्या पुढाकाराने असाच उपक्रम झाला. शेकडो विद्यार्थी इंग्रजी विकिपीडियावर एकदम उतरले, पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर इतका आला की जगभरचे स्वयंसेवक तो निस्तरत बसले, आणि त्याच वर्षी उपक्रम थांबवावा लागला. नकल केवळ आपल्याकडची मुले करतात असा अर्थ त्यातून काढू नये. २०१३ मध्ये कॅनडात टोरांटो विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्रास्ताविक पाठ्यक्रमात सुमारे १,९०० विद्यार्थ्यांना असेच काम दिले गेले, तेव्हाही स्वयंसेवक संपादकांनी तक्रारी केल्याच. दोन्हीकडे संख्या आधी ठरली आणि तपासणार कोण, हा प्रश्न नंतर आला.

म्हणून तुमचे आठ जण मला मुळीच जास्त वाटत नाहीत. फक्त काही गोष्टी करा. नवा लेख देऊ नका, असलेला दोन ओळींचा लेख वाढवायला द्या. प्रत्येकाने पहिले दोन आठवडे आपल्या सदस्यपानाखालच्या धूळपाटीवरच, म्हणजे सरावाच्या पानावरच, लिहावे. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, आधी सांगून ठेवा की अमुक वर्ग अमुक महिन्यात काम करणार आहे. आणि कृपा करून 'उपसंहार' नको. ज्ञानकोशातील लेखाला उपसंहार नसतो, माहिती संपली की लेख संपतो.

---

मांडवीकर

धाग्याचा विषय बडोद्याचा आहे म्हणून एका निवृत्त ग्रंथपालाला बोलण्याची इच्छा झाली.

परिभाषेचा प्रश्न कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटले. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत एकवाक्यता नाही. एका पुस्तकातले 'संवेदन' (sensation) दुसऱ्या पुस्तकात 'वेदन' होते, आणि पहिल्यातला 'अवबोध' (perception) दुसऱ्यात 'संवेदन' होऊन बसतो. म्हणजे एकच शब्द दोन पुस्तकांत दोन निरनिराळ्या प्रक्रियांना लावलेला असतो. बडोद्यातील विद्यार्थ्याची अडचण आणखी एका पायरीने वाढते, कारण त्याच्या गुजराती मित्राच्या पुस्तकात 'संवेदन' आणि 'प्रत्यक्षीकरण' अशी जोडी असते आणि विषयाचे नावच 'मनोविज्ञान' असते. अशा मुलाने लेखात 'संवेदन' लिहिले, तर त्याला काय म्हणायचे आहे हे वाचकाने कसे ओळखावे?

हा प्रश्न या शहराला नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभार गुजरातीत, दरबारी मंडळी मराठी, कायद्याचे वाङ्मय इंग्रजी आणि जुने दप्तर फारसी वळणाचे, असा प्रकार होता. त्यातून १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, ज्यात इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय मांडले होते. त्या कोशकारांची पद्धत मला आजही योग्य वाटते. त्यांनी आधी चालू असलेले शब्द गोळा केले, एकमेकांशेजारी ठेवले आणि मग निवडले. तुमच्या मुलांनी नवे शब्द घडवू नयेत. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात 'या प्रक्रियेला काही मराठी पुस्तकांत वेदन, तर काहींत संवेदन म्हटले आहे' असे स्पष्ट लिहावे आणि पुढे संपूर्ण लेखात एकच शब्द वापरावा. भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ही दोन साधने त्यासाठी हाताशी ठेवावीत. विश्वकोश तर आता घरबसल्या वाचता येतो.

जाता जाता एक निरीक्षण. विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी लेखकाचे आडनाव असते, त्यामुळे चूक सापडली तर कोणाला विचारायचे ते कळते. विकिपीडियावर ते नाव पानाच्या 'इतिहास' या कप्प्यात असते आणि तिकडे सहसा कोणी फिरकत नाही.

---

तात्या_फतेहगंज

मांडवीकरांचे सर्व मान्य, परंतु मूळ प्रश्न गुणांचा होता. तो तसाच राहिला.

---

सूरसागर_काठी

मी त्या आठ जणांपैकी एक आहे. बाईंना विचारूनच लिहीत आहे.

माझा विषय विस्मरणाचा वक्र, म्हणजे काळ जाईल तसे विसरणे कसे वाढते ते दाखवणारी रेषा, हा होता. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये तो मांडला, एवढे पाठ्यपुस्तकात होते. उरलेले मी नेहमीप्रमाणे इंटरनेटवरून घेतले. तिथे शेकडो संकेतस्थळांवर एकच वाक्य आहे की माणूस शिकलेल्या गोष्टींपैकी सुमारे सत्तर टक्के एका दिवसात विसरतो. मी ते वाक्य मराठीत लिहून धूळपाटीवर टाकले. बाईंनी शेजारी फक्त 'कशाच्या सत्तर टक्के?' असा प्रश्न लिहिला.

उत्तर शोधायला मला एबिंगहाउसच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर वाचावे लागले, आणि तेव्हा कळले की त्याने 'किती आठवते' हे मोजलेच नव्हते. तो निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो, ते मोजी. या बचतीचे प्रमाण वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के होते. म्हणजे एका दिवसानंतर पुन्हा शिकण्याचे एक तृतीयांश श्रम वाचतात, असा त्याचा अर्थ. त्यावरून 'दोन तृतीयांश विसरले' असे म्हणणे ही उडी आहे. शिवाय हे सर्व एका माणसाचे, अर्थ नसलेल्या अक्षरांवरचे मोजमाप आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, त्यातही पाठ करणारा एकच माणूस होता, आणि वक्र बराचसा तसाच निघाला. हे लिहिल्यावर लेख पहिल्यापेक्षा लहान झाला, पण त्यातले प्रत्येक वाक्य कुठून आले ते मला सांगता येते.

माझ्या आजीने तो लेख मोबाइलवर वाचला. तिला 'बचत' हा शब्द पटला. लग्नानंतर चाळीस वर्षे न म्हटलेले स्तोत्र तिने पुन्हा पाठ करायला घेतले, तेव्हा ते दोन दिवसांत आले, नव्याला पंधरा दिवस लागतात, असे ती म्हणाली. मी उत्साहाने ते उदाहरण लेखात घालायला निघाले होते. बाईंनी थांबवले. आमच्या प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकाचे निष्कर्षही घालू दिले नाहीत, कारण विकिपीडियावर स्वतःचे संशोधन चालत नाही. आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेले, पडताळता येणारे तेवढेच चालते. त्या दिवशी मला राग आला होता. आजही थोडा आहे, कारण वर्षभर आम्हाला 'स्वतः विचार करा' असे सांगितले जाते आणि इथे स्वतःचे काहीच लिहू नका असे सांगितले जाते.

---

धूळपाटी

सूरसागर_काठी, तुमचा राग समजतो. तरीही 'कशाच्या सत्तर टक्के?' या प्रश्नाचा पाठलाग हा तुमचाच विचार होता. ज्ञानकोशात तो वाक्याच्या निवडीत दिसतो, आणि आजीचे स्तोत्र लिहायला दुसऱ्या जागा आहेत. एक सूचना करतो. ५८, ४४, ३४ हे आकडे परिच्छेदात कोंबलेले आहेत, त्यांचा साधा तक्ता करा. वाचकाची दमछाक कमी होईल.

---

समुपदेशक_अलकापुरी

मी चिकित्सा मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करतो. स्मृती आणि अध्ययन येथपर्यंत हा उपक्रम मला आवडतो, परंतु पुढच्या सत्रात शिक्षिकेने मनोविकारांचे प्रकरण याच पद्धतीने द्यायचे ठरवले, तर माझा स्पष्ट विरोध राहील. कारणे सांगतो.

पहिले कारण वाचकाचे. विस्मरणाचा वक्र कोणी कुतूहलाने वाचतो; नैराश्यावरील किंवा स्किझोफ्रेनियावरील लेख मात्र पुष्कळदा ज्याच्या घरी ते दुःख आहे, असा माणूस रात्री दोन वाजता वाचतो. विकिपीडियाचा वैद्यकीय लेखांसाठी वेगळा, कडक दंडक आहे. एखाद्या सुट्या प्रयोगाचा निष्कर्ष आणून चालत नाही. अनेक अभ्यासांचा आढावा घेणारे, शक्यतो अलीकडच्या पाच वर्षांतले लेख किंवा मान्यवर संस्थांच्या मार्गदर्शिका लागतात. पदवीच्या विद्यार्थ्याला असे लेख मिळवणेही अवघड असते. विकिपीडियाने आपल्या संपादकांसाठी सशुल्क नियतकालिकांचे ग्रंथालय उघडले आहे, पण त्यासाठी किमान ५०० संपादने आणि सहा महिन्यांचे खाते लागते, म्हणजे एका सत्रापुरता आलेला विद्यार्थी त्याच्या दारातच उभा राहतो. विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालय आहे म्हणून बडोद्यातल्या मुलांची निदान थोडी सोय होते.

दुसरे कारण गोपनीयतेचे. विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी रुग्णालयात जातात, तिथे ऐकलेली हकीकत नाव बदलून लेखात 'उदाहरण' म्हणून घालण्याचा मोह त्यांना होतो. शहर लहान आहे. दांडिया बाजारातल्या माणसाला दांडिया बाजारातला माणूस नावाशिवायही ओळखतो.

तिसरे कारण आमच्या व्यवसायाला चांगलेच ठाऊक आहे. हर्मान रोर्शाक यांनी १९२१ मध्ये आपल्या मानसशास्त्रीय चाचणीच्या, शाईच्या डागांच्या दहा आकृत्या प्रसिद्ध केल्या. त्यांचा प्रताधिकार संपला असल्यामुळे २००९ मध्ये कॅनडातील एका डॉक्टरांनी त्या सर्व दहा आकृत्या इंग्रजी विकिपीडियावर चढवल्या. चाचणी देणाऱ्याने आकृत्या आधीच पाहिल्या तर तिचा उपयोग काय, असा मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप होता. जे कायद्याने मुक्त आहे ते ज्ञानकोशातून का लपवावे, असे विकिपीडियाचे म्हणणे होते. आकृत्या राहिल्या. विकिपीडियावर आमच्या व्यवसायाचे संकेत चालत नाहीत, तिथले संकेत चालतात, हे विद्यार्थ्याला चाचण्यांवर लिहिण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

---

उत्तरपत्रिका

समुपदेशकांच्या पहिल्या मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. रात्री दोन वाजता जो माणूस वाचतो, त्याला मराठीत चांगला लेख मिळाला नाही म्हणून तो झोपी जात नाही. तो व्हॉट्सॲपवर आलेला काढा वाचतो किंवा एखाद्या बाबाची चित्रफीत पाहतो. विद्यार्थ्यांना निदान आणि उपचार यांवर लिहायला देऊ नका, हे ठीक. परंतु मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ यावर लिहायला काय हरकत आहे? अधिनियमाचा मजकूर जाहीर आहे, कलमे क्रमांकासह उद्धृत करता येतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये, असे कलम ११५ सांगते, हे मराठीत सोप्या शब्दांत लिहिलेले असणे अनेक घरांना उपयोगी पडेल. 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकावरची मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. अशा माहितीला रुग्णालयातल्या गोष्टी लागत नाहीत.

आता तात्यांचा प्रश्न. मी चौतीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, म्हणून गुणांविषयी मला काही म्हणता येईल.

विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो, त्याकडे मांडवीकरांनी सहज बोट दाखवले, परंतु परीक्षकाच्या दृष्टीने सगळी मेख तिथेच आहे. उत्तरपत्रिकेत मला फक्त शेवटचे उत्तर दिसते; विद्यार्थ्याने किती वेळा खोडले, काय खोडले आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलले, हे कळत नाही. इथे प्रत्येक बदल तारीख-वेळेसह उभा असतो. सूरसागर_काठी यांनी सत्तर टक्क्यांचे वाक्य कोणत्या दिवशी काढले आणि त्याजागी काय आणले, हे त्यांच्या धूळपाटीच्या इतिहासातून पाहता येईल. मग गुण त्या बदलाला द्यावेत. लेख टिकला की उडाला, हा स्वयंसेवकांचा निर्णय आहे, त्याला एकही गुण नको आणि त्यासाठी एकही गुण कापू नये. आदल्या रात्री सगळा मजकूर एकदम टाकणाऱ्याच्या इतिहासात एकच ओळ असेल. त्याला त्या एका ओळीचे गुण मिळतील, आणि त्याबद्दल त्याला काही बोलताही येणार नाही.

एक अडचण मात्र कोणीही मांडलेली नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी आहे. परीक्षेची उत्तरपत्रिका विद्यार्थी आणि महाविद्यालय यांच्यातच राहते. विकिपीडियावर 'प्रकाशित करा' ही कळ दाबताना मात्र तो आपले लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली कायमचे देऊन टाकतो. कोणीही ते बदलू शकतो, विकूही शकतो, फक्त श्रेय द्यावे लागते आणि पुढेही तोच परवाना ठेवावा लागतो. वीस वर्षांच्या मुलाकडून गुणांच्या बदल्यात असे दान घेणे योग्य आहे का? माझे मत असे की प्रत्येकाला हे आधी नीट समजावून सांगावे आणि ज्याला द्यायचे नसेल, त्याला तोच लेख कागदावर, तेवढ्याच गुणांसाठी लिहू द्यावा. खातेही टोपणनावाने उघडावे. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कोणी एकोणिसाव्या वर्षीची चूक बाहेर काढू नये.

---

रावपुरा_शिक्षिका

उत्तरपत्रिका यांचा शेवटचा मुद्दा वाचून मी खरोखर थबकले. परवान्याविषयी मी मुलांना एका वाक्यात सांगितले होते, आणि तेही नकल का करू नये हे समजावताना. त्यांच्या स्वतःच्या लेखनाचे काय होते, ते सांगितलेच नव्हते. पर्याय ठेवीन.

एका गोष्टीत मात्र मला मदत हवी. ज्ञानकोश आणि परीक्षा यांची सरळ टक्कर होते तिथे काय करावे? आमच्या पाठ्यपुस्तकात बघ्यांच्या निष्क्रियतेचे प्रकरण किटी जेनोविज हिच्या खुनाने सुरू होते. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये ३८ शेजाऱ्यांनी तो खून खिडकीतून पाहिला आणि कोणीही पोलिसांना कळवले नाही, असे त्यात छापलेले आहे. एका मुलाने लेखासाठी शोध घेतला. तेव्हा त्याला २००७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिस्ट या नियतकालिकात आलेला लेख मिळाला, ज्यात ३८ साक्षीदारांच्या कथेला पुराव्याचा आधार नाही असे दाखवले आहे; आणि ज्या वर्तमानपत्राने ही बातमी गाजवली, त्या न्यूयॉर्क टाइम्सनेच २०१६ मध्ये आपले वार्तांकन सदोष होते असे मान्य केल्याचेही त्याला आढळले. त्याने लेखात हे सर्व लिहिले. ते उत्तम होते. नंतर त्याने मला विचारले, 'बाई, विद्यापीठाच्या परीक्षेत काय लिहू?' मी म्हटले, दोन्ही लिही. पण खरे सांगायचे तर तपासणाऱ्याच्या आदर्श उत्तरात ३८ हाच आकडा असणार, हे मला ठाऊक होते.

---

उत्तरपत्रिका

दोन्ही लिहायला सांगितलेत, ते बरोबर केलेत. परीक्षक आळशी असला तर त्याला ३८ हा आकडा दिसतो आणि तो गुण देतो. जागा असला तर पुढचे वाक्य वाचून अर्धा गुण जास्त देतो. मी दोन्ही प्रकारचा परीक्षक राहिलो आहे, दिवस कोणता आणि गठ्ठा कितवा यावर ते अवलंबून असे. मुद्दा असा की बघ्यांवरचे डार्ली आणि लातने या मानसशास्त्रज्ञांचे १९६८ चे प्रयोग त्या खुनाच्या कथेवर अवलंबून नाहीत. कथा ढासळली तरी प्रयोग उभे राहतात, आणि हा फरक ज्या मुलाला लिहिता आला त्याला प्रकरण समजले आहे.

---

धूळपाटी

अलीकडची एक डोकेदुखी नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या सत्रात ती तुमच्याही दाराशी येईल. यंत्राकडून लिहून घेतलेले लेख आता मराठीतही येतात. भाषा गुळगुळीत, शुद्धलेखन आमच्यापेक्षा बरे, आणि संदर्भ मात्र अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे. पूर्वीची नकल निदान खऱ्या पुस्तकातून होत असे, ती पकडता येत असे. नसलेले पुस्तक नाही हे सिद्ध करायला आमचा अख्खा रविवार जातो. माझी विनंती एवढीच की प्रत्येक विद्यार्थ्याने वापरलेल्या प्रत्येक संदर्भाच्या पानाचे छायाचित्र तुम्हाला दाखवावे, विकिपीडियावर चढवू नये. ज्याने पान उघडले आहे, त्याच्याकडे छायाचित्र असतेच.

---

रावपुरा_शिक्षिका

मान्य. पुढच्या सत्रात काम ठेवत आहे, पुढीलप्रमाणे: जास्तीत जास्त दहा जण, असलेल्या लेखांचाच विस्तार, मनोविकार आणि चाचण्या वगळून. कागदावर लिहिण्याचा पर्याय खुला राहील. वीसपैकी बारा गुण इतिहासातील बदलांना, पाच संदर्भांच्या पडताळणीला आणि तीन चर्चापानावर दिलेल्या उत्तरांना. लेखाच्या टिकण्याला शून्य. मुदत डिसेंबरच्या मध्यावर ठेवते, म्हणजे धूळपाटी यांचा मार्च थोडा हलका होईल. चावडीवर सूचना या आठवड्यात लिहीन. अधिनियमावरील लेखाला दोन मुली आत्ताच तयार आहेत.

परिभाषेचे काय करायचे ते अजून सुटलेले नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मानसशास्त्राचा मराठी परिभाषा कोश नाही.

---

मांडवीकर

माझ्याकडे आहे, आणि वेदन-संवेदनाचा घोळ घालणारी ती दोन्ही पाठ्यपुस्तकेही आहेत. मुलांना घेऊन या. कोश बाहेर नेऊ देणार नाही, तो सवयीचा भाग आहे, पण इथे बसून हवे तेवढे उतरवून घ्या. जिना अरुंद आहे आणि बैठकीची खोली लहान, तेव्हा एका वेळी तिघांपेक्षा जास्त आणू नयेत.